बेवड, इरवड आणि शिवार

आमच्या भागात शेती करणाऱ्या कोणालाही बेवड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उसाआधी रानात हरभरा होता, ताग गाडला होता, की खोडव्यावर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) घेऊन जमीन दमवली होती, यावरून पुढच्या पिकाचा अंदाज बांधला जातो. रान खंडाने घेतानासुद्धा पैशाचे बोलणे होण्याआधी ‘बेवड कशाचा हाय?’ हा प्रश्न येतो. तसाच दुसरा शब्द इरवड. भुईमुगात तुरीच्या चार ओळी टाकल्या, की ती तुरीची इरवड. पहिला शब्द एकाच जमिनीत काळानुसार होणारा पालट सांगतो, दुसरा एकाच वेळी एका रानात नांदणारी दोन पिके सांगतो. परंतु आपल्या बांधाच्या पलीकडे, अर्ध्या-एक किलोमीटरच्या परिसरात ओढा आहे की नाही, झाडी किती, माळ किती, पिके एकच की पाच प्रकारची, या सगळ्याचा आपल्या पिकावर काही परिणाम होतो का, हे सांगणारा एकही शब्द माझ्या ऐकण्यात नाही. शब्द नसल्यामुळे त्याचा हिशेबही कोणी ठेवत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

हा विचार सुरू झाला तो काकडीमुळे. मी कोल्हापुरात नोकरी करतो आणि रविवारी गावी जातो. भोगावतीकाठी आमची तीन एकर जमीन आहे आणि ती धाकटा भाऊ पाहतो. त्यातला बहुतेक भाग उसाखाली असतो. पण घरखर्चाला हातात रोख पैसा राहावा म्हणून तो दरवर्षी उन्हाळ्यात आठ-दहा गुंठ्यांवर काकडी किंवा दोडका घेतो. पूर्वी ही काकडी ओढ्याकडेच्या तुकड्यात असायची. तिथे करंजाची चार झाडे, एक जुने जांभूळ, निर्गुडी आणि घाणेरीचे रान माजलेले आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने तो तुकडाही उसात घातला आणि काकडी विहिरीजवळच्या पट्टीत नेली, कारण तिथे ठिबकची नळी आधीच होती. या पट्टीच्या तिन्ही बाजूंना आमचा आणि शेजाऱ्यांचा आडसाली, म्हणजे अठरा महिन्यांचा ऊस उभा होता, डोक्याच्या वर गेलेला. बियाणे त्याच दुकानातले, खत तेच, पाणी उलट अधिक वेळेवर. वेल जोमदार आला, फुलेही भरपूर आली, पण फळ वाकडे निघू लागले.

वाकडी काकडी ज्याने बाजारात नेली आहे त्यालाच तिचे दुःख कळेल. देठाकडे फुगीर, टोकाकडे चिमटलेली आणि कोयत्यासारखी वळलेली काकडी व्यापारी बाजूला काढतो आणि उरलेल्या मालाचाही भाव पाडून मागतो. भावाने बोरॉनची फवारणी केली, पाण्याच्या पाळ्या बदलल्या, कृषी सेवा केंद्रातून आणखी दोन बाटल्या आणल्या. मी एका वाकड्या फळाचा आडवा आणि उभा छेद घेऊन पाहिला, तेव्हा देठाकडच्या भागात बी भरलेले होते आणि चिमटलेल्या टोकाला बियांच्या जागी नुसते पांढरे पापुद्रे होते. काकडीत नर आणि मादी फुले वेगळी असतात; नराचे पराग मादीच्या फुलावर पुरेसे आणि सगळीकडून पोहोचले, तरच सगळ्या बिया धरतात, आणि ज्या बाजूला बी धरत नाही ती बाजू वाढत नाही. पाणी कमी पडले किंवा अन्नद्रव्याची ओढ झाली तरी फळ वाकडे होते, हे खरे. पण आमच्या पट्टीत त्या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

त्यानंतरच्या तीन रविवारी सकाळी आठ वाजता मी त्या वेलापाशी पाटावर बसून राहिलो. भावजय चहा घेऊन आली आणि मी फुलांकडे टक लावून बसलेला पाहून काही न बोलता परत गेली. पंधरा-पंधरा मिनिटांत दहा फुलांवर मिळून दोन-तीन माश्या आल्या, आणि एकदा तर मुंग्यांखेरीज कोणीच आले नाही. तेथून ओढ्यापर्यंत चालत गेलो, तर जांभळाच्या फुलोऱ्यावर सातेरी मधमाश्यांचा इतका गजबजाट होता, की झाडाखाली उभे राहून बोलणे ऐकू येऊ नये. ओढ्याला लागून एका शेतकऱ्याने दोन गुंठ्यांवर दोडका आणि काकडी लावलेली होती, तिथली फळे सरळ होती. दोन तुकडे आणि एक हंगाम यांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या दिवसापासून मी शिवाराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो आणि या विषयावर जगभरात काय मोजले गेले आहे, ते वाचू लागलो.

जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात कीटकांकडून किंवा इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात मांडले गेले. मात्र वजनाने पाहिले तर या पिकांचा वाटा जगाच्या अन्नोत्पादनात सुमारे पस्तीस टक्के भरतो, कारण पोट भरणारी धान्ये वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागांवर भागवतात. ऊस तर तुऱ्याची वाटही पाहत नाही; आपण कांडे लावतो आणि कांडे तोडतो. त्यामुळे ‘मधमाश्या संपल्या तर ऊस संपेल’ अशी भीती घालण्यात काही अर्थ नाही, आणि तशी ती घातली तर शेतकरी हसून पुढे जाईल. परिणाम होतो तो काकडी, दोडका, भोपळा, कारली, सूर्यफूल, मोहरी अशा पिकांवर, म्हणजे ज्यांच्यावर घरातल्या बाईमाणसाचा हातखर्च चालतो त्या पिकांवर.

माझ्या वाकड्या काकडीचा सर्वांत जवळचा नातलग मला कोस्टारिकातल्या कॉफीत सापडला. तिथल्या एका मोठ्या मळ्यात केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मळ्याच्या कडेला जंगलाचे तुकडे होते. जंगलापासून साधारण एक किलोमीटरच्या आतल्या झाडांचे उत्पादन दूरच्या झाडांपेक्षा वीस टक्क्यांनी अधिक निघाले, आणि दोनऐवजी एकच दाणा धरलेल्या बोंडांचे प्रमाण सत्तावीस टक्क्यांनी घटले. जंगलाच्या दोन तुकड्यांकडून त्या एका मळ्याला वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास फायदा होत होता, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला. यातला वीस टक्क्यांचा आकडा मला तितका महत्त्वाचा वाटत नाही, जितके ते अंतर वाटते. एक किलोमीटर म्हणजे आमच्या ओढ्यापासून गावातल्या दूध संस्थेपर्यंतचे अंतर. डंख नसलेली इवलीशी कोती माशी त्याहून जवळच फिरते, आणि किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या गांधीलमाशीच्या कुळातल्या सुईच्या टोकाएवढ्या कीटकांची मजल तर त्याहूनही फार तोकडी असते. म्हणजे डोंगरात दाजीपूरचे जंगल शाबूत आहे म्हणून आमच्या काकडीला काही मिळत नाही; जे मिळायचे ते चालत पाच-दहा मिनिटांवर असले पाहिजे.

परागीभवन ही झाली एक वाट. दुसरी वाट किडींची आणि त्यांच्या शत्रूंची आहे, आणि ती उसाच्या दारातून जाते. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातल्या उसावर पसरला. त्या वर्षांतले पान मला अजून डोळ्यांसमोर दिसते. खालच्या बाजूला मधल्या शिरेलगत कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर, आणि त्या माव्यातून गळणाऱ्या चिकट गोड स्रावामुळे खालच्या पानांवर काजळीसारखी काळी बुरशी. रानात जाऊन आलेल्या माणसाच्या अंगावर पांढरे तंतू चिकटलेले असत. लोकांनी आधी फवारे मारले, पण उंच आणि दाट उसात पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचणार कसे? अखेर तो आटोक्यात आणण्यात मोठा हात लागला तो कीटकांचाच: डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या, मावा खाणारा मायक्रोमस आणि माव्याच्या अंगात वाढणारा एन्कार्शिया. कृषी खात्याने आणि संशोधन संस्थांनी डिफा व मायक्रोमस वाढवून सोडले, आणि ज्या रानात ते दिसतील तिथे फवारणी करू नका असे सांगावे लागले.

त्या प्रसंगातून मी जो धडा घेतला तो असा, की किडीला पसरायला सलग खाद्य मिळाले होते. आमचा ऊस संपतो तिथे शेजाऱ्याचा सुरू होतो, आणि हे असे तालुक्यामागून तालुके चालते. तिच्या शत्रूंना मात्र नुसते खाद्य पुरत नाही. मावा खाणाऱ्या सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण प्रौढ माशीला अंडी घालण्यासाठी मध आणि पराग लागतात. खोडकिडीची अंडी मारणारा ट्रायकोग्रामा हा चिमुकला कीटक थोडा मध मिळाला तर अधिक दिवस जगतो. आम्ही ट्रायकोकार्ड, म्हणजे हे कीटक ज्यातून बाहेर पडतात ती पट्टी, आणून उसाच्या पानाला टाचतो आणि मग बांधावरचे शेवटचे फुलझाड तणनाशकाने जाळतो. पाहुण्याला आवतण देऊन घराला कुलूप लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

इथपर्यंतचे वाचून कोणाला वाटेल, की झाडी वाढवली की उत्पादन वाढते, एवढे सोपे सूत्र निघाले. तसे ते निघत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या १३२ अभ्यासांमधली ६,७५९ ठिकाणांची माहिती एकत्र केली गेली, आणि भोवतालच्या झाडी-कुरणांचा किडींवर व त्यांच्या शत्रूंवर होणारा परिणाम ठिकाणागणिक इतका वेगळा निघाला, की काही ठिकाणी किडी कमी झाल्या, तर काही ठिकाणी वाढल्या. आमच्याकडे हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही, हुमणी, म्हणजे उसाची मुळे खाणारी जमिनीतली अळी, पुरेशी आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमून पाने खातात. तिथेच त्यांचे मीलन होते, आणि मग माद्या आसपासच्या रानात जाऊन जमिनीत अंडी घालतात. ज्या बांधावर बाभूळ आहे त्याच्या लगतच्या उसात हुमणी अधिक लागते, हे आमचे तात्या मी शाळेत असल्यापासून सांगत आले आहेत, आणि ते खोटे नाही. पण त्याच झाडाखाली संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करता येतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकता येतात, आणि त्याच झाडावर बसणारे कावळे व साळुंक्या नांगरामागे येऊन उघड्या पडलेल्या अळ्या टिपतात. झाड शत्रू की मित्र, याचे उत्तर ते झाड कुठले, कोणत्या पिकाशेजारी आणि गावाने मिळून भुंगेरे गोळा केले की नाही, यावर ठरते. एकट्याने गोळा करण्यात फारसा अर्थ नसतो.

तोल कुठे झुकतो हे पाहण्यासाठी मोठ्या प्रमाणावरचे हिशेब उपयोगी पडतात. २०१९ साली ८९ अभ्यासांतील १,४७५ ठिकाणांची माहिती एकत्र करून असे दाखवण्यात आले, की परागीभवन करणाऱ्या आणि किडींना खाणाऱ्या कीटकांच्या जातींची संख्या जिथे अधिक, तिथे या दोन्ही सेवा अधिक मिळतात आणि त्याचा अंतिम उत्पादनाशी संबंध लागतो. शिवार एकसुरी झाल्याने जो तोटा होतो, त्यातला मोठा भाग या जाती कमी झाल्यामुळे असतो. अमेरिकेतल्या काउंटीवार, म्हणजे जिल्हावार आकड्यांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मका आणि गहू यांचे उत्पादन गुंतागुंतीच्या, वैविध्यपूर्ण भूभागात दहा टक्क्यांहून अधिक वाढलेले आढळले. मका आणि गहू यांना मधमाशी लागत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे वजन कळते. त्यात काही अंशी माती, पाणी आणि किडींचे शत्रू यांचा हात असणार.

मला सर्वांत विचारात पाडले ते युरोप आणि उत्तर अमेरिकेतील ४३५ भूभागांच्या अभ्यासाने. शेतांचा सरासरी आकार पाच हेक्टरवरून २.८ हेक्टरवर आणल्याने तेथील जीवविविधतेला जेवढा लाभ होतो, तेवढाच लाभ नैसर्गिक झाडी-कुरणांचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून अकरा टक्क्यांवर नेल्याने होतो, असे त्यात दिसले. हे वाचून आपण खूश व्हायला हवे, कारण आमच्याकडे पाच हेक्टरचे एक सलग शेत दाखवायचे झाले तर गावोगाव हिंडावे लागेल. वाटण्या होऊन होऊन वीस गुंठ्यांच्या पट्ट्या झाल्या आहेत. पण ही फसगत आहे. लहान शेतांचा लाभ मिळतो तो दोन गोष्टींमुळे: शेजारच्या शेतात वेगळे पीक असते, आणि दोन शेतांच्या मध्ये कड असते, म्हणजे गवत, फुले, झुडूप यांची पट्टी. आमच्या वीस गुंठ्यांच्या शंभर पट्ट्यांत एकच पीक आहे, एकच जात आहे, आणि बांध कोरून कोरून पायवाटेपुरताही उरलेला नाही. सातबाऱ्यावर शंभर नावे दिसतात. वरून उडणाऱ्या माशीला मात्र ते एकच पन्नास एकरांचे शेत दिसते.

कोल्हापूर जिल्ह्याइतके विविधतेचे दान फार थोड्या प्रदेशांना मिळाले असेल. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शहरात हजाराच्या आसपास, आणि पूर्वेला शिरोळकडे पाचशे-सहाशे. एवढा फरक गाडीने अडीच-तीन तासांच्या वाटेवर. एका टोकाला वरकस जमिनीतली नाचणी आणि भात, मध्ये आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, नदीकाठची मळी, माळावरचा भुईमूग, आणि दुसऱ्या टोकाला शाळू, तंबाखू आणि भाजीपाला. शाहू महाराजांच्या काळात १९०९ मध्ये राधानगरी धरणाचे काम सुरू झाले, पुढे नद्यांवर बंधारे आणि उपसा पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या, आणि पाणी जिथे जिथे पोहोचले तिथे तिथे ऊस पोहोचला. यात शेतकऱ्याचा दोष शोधणे मला अन्यायाचे वाटते. उसाला ठरलेला दर आहे, तो कारखाना नेतो, त्याची राखण करावी लागत नाही. भाजीचा भाव एका आठवड्यात कोसळतो. शिवाय पंचगंगेचे पाणी रानात शिरले तर सोयाबीन आठवड्यात कुजते, आणि ऊस काही दिवस तग धरतो. २०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांवर गेले आणि कित्येक दिवस उतरले नाही, तेव्हा शेंड्यात गाळ बसून ऊसही कुजला. पण असे वर्ष रोज येत नाही, असे म्हणून लोकांनी पुन्हा ऊसच लावला. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते. किंबहुना आमच्या घरी आम्ही तेच केले.

खरी अडचण पैशाच्या वाटपाची आहे. बांधावरच्या झाडाचा वसवा, म्हणजे सावली, ज्याच्या रानात पडतो त्याचा ऊस त्या पट्टीत बारीक राहतो, आणि झाडावरच्या माश्यांचा फायदा होतो तो पलीकडे काकडी लावणाऱ्याला. ओढ्याकाठची झाडी तोडून पाच गुंठे वाढवले तर ते पाच गुंठे माझे. गेलेल्या माश्यांचा तोटा साऱ्या शिवाराचा. बेवड सांभाळला तर पुढचे पीक माझेच असते, म्हणून तो शब्द टिकला. इरवडीची तूर माझ्याच घरात येते, म्हणून तोही कसाबसा टिकला. शिवाराच्या विविधतेचे पीक मात्र कोणाच्या घरात जाते हे ठरत नाही. पूर्वी गावाचे गायरान, देवाची राई आणि पाणंदीच्या दोन्ही बाजूंची झुडपे हा हिशेब न बोलता सांभाळत होती, कारण त्या जागा कोणा एकाच्या नव्हत्या. पाणंदी आता दोन्ही बाजूंनी कोरल्या गेल्या आहेत.

गेल्या महिन्यात ओढ्याकडेच्या जांभळाचा विषय घरात निघालाच. भावाचे म्हणणे होते, की आता तिथे ऊस आहे तर झाड ठेवण्यात अर्थ नाही. तात्या ओट्यावर पान जुळवत बसले होते, ते म्हणाले, “झाडाच्या वसव्यात ऊस येतोय व्हय? पर मोजल्याबिगर तोडू नगा.” म्हणून आम्ही दोघे दोरी घेऊन गेलो. ज्या पट्टीत ऊस स्पष्टपणे खुजा होता ती मोजली, तर सव्वा गुंठा भरली. आमच्या रानात गुंठ्याला टनाच्या वर ऊस निघतो. त्या पट्टीत निम्मा धरला तरी नुकसान पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे आजच्या दराने दोन-अडीच हजार रुपये, तेही अठरा महिन्यांच्या पिकात. भावाने हे आकडे पाकिटाच्या पाठीमागे लिहिले, मग त्याखाली त्या उन्हाळ्यात व्यापाऱ्याने बाजूला काढलेल्या काकडीच्या क्रेटचा आकडा आठवून लिहिला आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहत राहिला.

“तुटल्यावर खोडवा ठेवायचा नाही हितं,” तो शेवटी म्हणाला. “काकडी परत हिकडंच आणू. ठिबकची नळी लांबवावी लागंल, दीडशे फूट.”